चिडीचूप मंडळ, वरचा मजला

८ जानेवारी

आत्या,

तुम्ही घर सोडून गेलात की आम्ही तुम्हाला घालवलं? अकरा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. तेव्हा मी बारा वर्षांची होते. मोठ्यांचं भांडण सुरू झालं की मला आतल्या खोलीत पाठवून दार लावून घ्यायचे. दारातून मला तुमचं एकच वाक्य ऐकू आलं होतं: "पाटीला हात लावलास तर याद राख!" महिन्याभरात तुम्ही गेलात. एवढ्याशा पुराव्यावर आमच्या कार्यालयात साधं एक कार्डसुद्धा पुढे सरकत नाही.

कार्यालय म्हणजे शब्दकोशाचं. मी पदवीधर झाले, हे तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. आपल्या घरात पहिलीच. आई तेव्हापासून मला 'पदवीबाई' म्हणते. "पदवीबाई, दूध उतू चाललंय." सहा महिन्यांपूर्वी मला इथे नोकरी लागली. इंग्रजी-मराठी कोश आहे. शब्दाचा अर्थ तर द्यायचाच, शिवाय तो आला कुठून हेही सांगायचं. एक लांब टेबल, भिंतभर लाकडी खण, खणांत कार्डं. पंखा एक नंबरच्या पुढे न्यायचा नाही, कारण कार्डं उडतात. नव्या माणसाला लहान अक्षर देतात, म्हणून मला 'क्यू' मिळालं आहे. मला फार आवडतं ते. कोशात नीट लिहिलेला एक शब्द कुणाचा तरी गैरसमज कायमचा मिटवू शकतो, असं मला मनापासून वाटतं. आई म्हणते, आधी कपाटातला पसारा मिटव.

आमचे मुख्य संपादक प्रत्येक कार्डावर लाल पेन्सिलीने एकच प्रश्न लिहितात: 'कोणी म्हटलं?' म्हणजे पुरावा दाखवा. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना 'कोणी-म्हटलं' म्हणतात. शिपायाने एकदा धीर करून त्यांना ते सांगितलं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कोणी म्हटलं?"

त्यांचा आणखी एक नियम आहे. माणसांना लावायचा शब्द असेल तर त्याचं कार्ड त्यांच्यापैकीच एखाद्याला दाखवायचं आणि सही घ्यायची. "माणसांबद्दल त्यांच्या पाठीमागे लिहायचं नाही," असं ते म्हणतात. आणि माझ्यापुढे आता 'क्वेकर' हा शब्द आला आहे.

"ओळखीत आहे का कोणी?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. रात्रभर ते मला डाचलं. दुसऱ्या दिवशी पंखा लावायच्या आधीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, "माझी सख्खी आत्या क्वेकर आहे. अकरा वर्षांत आम्ही बोललेलो नाही."

ते म्हणाले, "मग तर आधी तिलाच दाखवा."

सोबत कार्ड आहे. मी असं लिहिलं आहे: क्वेकर, म्हणजे थरथरणारा, कापणारा. सतराव्या शतकात इंग्लंडात उभ्या राहिलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा अनुयायी. पुरोहित नाही, मंत्र नाही, सगळे मिळून शांत बसतात. १६५० साली त्यांचा संस्थापक न्यायाधीशापुढे उभा असताना म्हणाला, देवाच्या शब्दापुढे थरथर कापा. न्यायाधीश कुत्सितपणे म्हणाला, हे बघा थरथरणारे! तेच नाव पडलं. कंसात मी 'हेटाळणीवाचक' अशी खूण केली आहे. चूक असेल तर सांगा.

पत्ता आईच्या ट्रंकेतल्या जुन्या पाकिटावरून घेतला. बाबांना यातलं काही माहीत नाही. तुमचा विषय निघाला की ते पाट्या रंगवायचे ब्रश धुवायला उठतात. कोरडे ब्रशसुद्धा धुतात.

तुमची,
भाची


२९ जानेवारी

आत्या,

बरं, 'तू'. पहिल्याच ओळीत ओरडा खाल्ला: 'तुम्ही कोण? मी काय तुझ्या ऑफिसातली आहे?' वाचून मी बसमध्ये मोठ्याने हसले. शेजारच्या बाईंनी पर्स मांडीवर घेतली.

पत्र तुला मिळायला अकरा दिवस लागले, ही माझी चूक. पाकिटावर 'मित्रसभा' लिहिलं होतं ना! तुम्ही स्वतःला 'मित्र' म्हणवता, हे मी पुस्तकात वाचलं होतं, जुन्या पाकिटावरही तेच होतं, म्हणून अभिमानाने लिहिलं. आणि तू लिहितेस: 'इथे मित्रसभा कोणाला माहीत नाही. पोस्टमन तीन पतसंस्था आणि एक व्यायामशाळा फिरून आला. पुढच्या वेळी "चिडीचूप मंडळ, वरचा मजला" असं लिही. दुसऱ्या दिवशी मिळतं. पाटीच आहे तशी जिन्यापाशी. तुझ्या बापाने रंगवलेली.'

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. ती पाटी? तीच?

आत्या, मला घरात जे सांगितलं गेलं ते असं. तुम्ही आठ-दहा माणसं दर रविवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन तासभर गप्प बसायचा. गल्लीत तुम्हाला 'चिडीचूप मंडळ' म्हणायला लागले. पोरं जिन्याखाली उभी राहून एकदम 'श्शू' करायची. ते नाव बाबांनी ठेवलं असं सगळे म्हणतात, बाबाही ते नाकारत नाहीत. मग तुम्ही नवी खोली घेतली, तू बाबांना पाटी रंगवायला सांगितलीस, 'मित्रसभा, दर रविवारी सकाळी दहा, सर्वांना मोकळं'. आणि बाबांनी वरच्या ओळीत रंगवलं 'चिडीचूप मंडळ'. पिवळ्यावर काळी अक्षरं, लाल सावली. शनिवारी टांगली. म्हणून तू गेलीस.

म्हणजे ती पाटी तू फेकली नाहीस? सोबत परगावी नेलीस? आणि दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांना ओरडणारी तू रविवारी त्याच पाटीखालून वर जाऊन गप्प बसतेस? बाबा तुला लहानपणी 'रेडिओ' म्हणायचे असं आई सांगते. रेडिओ तासभर बंद, हे बघायला मी तिकीट काढून येईन.

आता कामाचं. 'आम्ही थरथरत नाही, थरथरतं ते टेबल, त्याचा एक पाय आखूड आहे,' हे कार्डावर घेता येणार नाही, पण साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

'हेटाळणीवाचक' काढ, असं तू ठणकावलंस. मला ते पटत नाही. न्यायाधीशाने टिंगल केली, नाव चिकटलं, हा अन्यायच होता. तो झाकायचा कशासाठी? कोशाने खरं सांगायला हवं. तू लिहितेस, 'ज्याने चिडवलं तो मरून तीनशे वर्षं झाली. नाव आम्ही वापरतोय. त्या न्यायाधीशाला अजून किती दिवस मालक ठेवणार?' वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, पण मी हरलेले नाही.

शिवाय साहेबांनी माझं कार्ड परत केलं आहे. न्यायाधीशाच्या गोष्टीवर लाल पेन्सिल: 'कोणी म्हटलं?' मी शोधलं तर ही गोष्ट सांगतो तो खुद्द संस्थापक, तीही पुष्कळ वर्षांनंतर, आपल्या आठवणींत. ज्याला चिडवलं त्याचीच साक्ष. मी म्हटलं, "पण सर, गोष्ट किती छान आहे!"

"छान असली की जास्त बघायची," ते म्हणाले.

तुझी,
पदवी


११ फेब्रुवारी

आत्या,

दोन बातम्या. एक तीनशे सत्तर-ऐंशी वर्षं जुनी, एक काल संध्याकाळची.

जुनी आधी. न्यायाधीशाच्या आधीचा पुरावा सापडला! आमच्या मोठ्या संदर्भकोशात १६४७ सालच्या एका पत्राचा उतारा दिला आहे. लिहिणाऱ्याने ऐकीव माहिती कळवली आहे: लंडनजवळ समुद्रापलीकडून आलेल्या बायकांचा एक पंथ आहे, त्यांना 'क्वेकर' म्हणतात, प्रार्थना करताना त्या फुगतात, शहारतात, थरथरतात. म्हणजे न्यायाधीशाच्या तीन वर्षं आधी हा शब्द लोकांच्या तोंडात होता. त्याने फार तर उचलला आणि दुसऱ्यांना चिकटवला. त्या बायका कोण, पुढे त्यांचं काय झालं, त्यांना ते नाव कोणी दिलं, काहीच कळत नाही.

माझी छान गोष्ट कोसळली. मी तोंड पाडून कार्ड घेऊन गेले. साहेब मात्र खुर्चीतून उठले. आत्या, मी त्यांना सहा महिन्यांत उठताना पाहिलं नव्हतं. सगळ्या टेबलाला ओरडून सांगितलं, "न्यायाधीश पडला!" शिपायाने चहा मागवला. शब्दाचा मालक निसटला की इतका आनंद होतो, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

आता कालची बातमी. तुझं पत्र मी डिक्शनरीत ठेवलं होतं. घरात डिक्शनरीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. काल बाबांना एका दुकानदाराची इंग्रजी पाटी आली आणि त्यांनी एक शब्द पाहायला ती उघडली.

मी घरी आले तेव्हा पाकीट त्यांच्या हातात होतं. आतलं पत्र काढलेलं नव्हतं. फक्त पाकिटावरचं अक्षर बघत होते.

"रेडिओचं अक्षर आहे," ते म्हणाले. "ओळ अजून वर चढते. दोरी मारून सरळ लिहायला शिकवलं होतं मी."

मी म्हटलं, "ऑफिसचं काम आहे, बाबा." खरंच आहे ते.

ते ब्रश धुवायला उठले नाहीत. खाली बसले आणि सांगायला लागले. मला वाटतं आईलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण ती पोळपाट तसाच सोडून दारात येऊन उभी राहिली. म्हणाले, पाटी गंमत म्हणून रंगवली. दोन रात्री बसून, इतकं चांगलं काम त्यांनी दुकानांसाठीही केलं नव्हतं. वाटलं होतं, ती हसेल, मग खरी पाटी काढून देऊ. खरी पाटी तयार होती, आत ठेवलेली. शनिवारी टांगली आणि खाली उतरून बघतात तर पोरं जमली होती, बोटं दाखवून हसत लोळत होती. तेव्हा त्यांना कळलं की आपण काय केलं. रविवारी तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी म्हणाले, उतरवतो ती पाटी. तर तू ओरडलीस, 'पाटीला हात लावलास तर याद राख.' पुढे तू गेलीस, पाटीही गेली.

"जाळली असेल तिने," बाबा म्हणाले. "बरोबरच केलं."

आत्या, तू मला न सांगण्याबद्दल काही म्हणाली नव्हतीस, म्हणून मी सांगितलं. की ती जळली नाही, टांगलेली आहे, पोस्टमन तिच्यावरून पत्र टाकतो.

बाबांनी पाकीट मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "ऊन कुठल्या बाजूने लागतं?"

"मला काय माहीत?"

"विचार तिला. पश्चिमेचं असेल तर लाल उडालं असणार."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "अकरा वर्षं बहीण-भाऊ तोंड शिवून बसलेत, आणि चिडीचूप मंडळ म्हणे तिचं!"

तर विचारते. ऊन कुठल्या बाजूने लागतं? आणि दुसरं, जे बाबांनी विचारलेलं नाही: तू त्या पाटीमुळेच गेलीस ना?

तुझी,
पदवी


२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं कार्ड मिळालं. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, या बाईंना नोकरी हवी आहे का विचारा. रकाने बरोबर, समास बरोबर, पुरावा जोडलेला. मी ते इथे पुन्हा उतरवते, कारण मूळ आता बाबांच्या खिशात आहे आणि परत मिळेल असं वाटत नाही.

शब्द: चिडीचूप मंडळ.
अर्थ: आम्ही.
पहिला वापर: पाटीच्या सव्वादोन महिने आधी, जेवायला बसल्यावर.
कोणी म्हटलं: मी.
पुरावा: त्या वर्षीची खिशातली डायरी, पान जोडलं आहे.

आणि ते पान! 'आज पहिल्यांदा गेले. तासभर कोणी एक शब्द नाही. मला मधेच हसू फुटणार होतं, पण नंतर आतून इतकं शांत वाटलं की रडू आलं. घरी दादाला सांगितलं, अरे मंडळच आहे ते, चिडीचूप मंडळ! तो इतका हसला की ठसका लागला. वहिनीने पाठीत धपाटा घातला.'

म्हणजे नाव तू ठेवलंस! बाबांनी गल्लीत सांगितलं, गल्लीने टिंगल केली, त्या जेवणाची आठवण बाबांनाही राहिली नाही, आईलाही नाही, आणि अकरा वर्षं बाबा ते स्वतःच्या नावावर घेऊन बसले. मी तर तीन आठवडे न्यायाधीशाला फोडून काढत होते आणि आमच्याच स्वयंपाकघरात तीच चूक करून बसले होते. सगळे म्हणतात म्हणून खरं धरलं. कोणी म्हटलं, हे एकदाही विचारलं नाही. 'हेटाळणीवाचक' मी खोडलं आहे. हरले. आनंदाने.

बाबांनी कार्ड तीन वेळा वाचलं. चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून.

"म्हणजे नाव माझं नाहीच?"

"नाही, बाबा."

"काहीच नाही त्यात माझं?" त्यांचा चेहरा पडला, खरंच सांगते. "अक्षर तरी माझंच आहे ना?"

आई म्हणाली, "अहो, सुटलात ना! वाईट कसलं वाटतंय?" मग आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारच्या काकू विचारायला आल्या, कोणाचं लग्न ठरलं काय. किती वर्षांनी या घरात तुझं नाव काढून हसलो आम्ही!

पण हसू ओसरल्यावर बाबांनी तोच प्रश्न विचारला. "पाटीचा राग नव्हता, तर मग ती गेली कशाला?"

आणि मी गप्प बसले. मला ते माहीत होतं. तू पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस. तू पाटी बघून जिन्यातच बसून हसलीस. तुझंच नाव, दादाच्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. तुला वाटलं, आता दादा वर येईल. नव्या खोलीच्या पहिल्या रविवारी नक्की येतो असा शब्द त्याने दिला होता. तू दारातली खुर्ची धरून ठेवलीस, तिच्यावर पिशवी ठेवून. दहा वाजले, अकरा वाजले. तो आला नाही. संध्याकाळी आला तो पाटी उतरवायच्या गोष्टी घेऊन. तुला वाटलं, याला आपली लाज वाटते, गमतीतलं नावसुद्धा आता याला लोकांसमोर नको. तू गेलीस ती त्या रिकाम्या खुर्चीपायी.

आणि खाली लिहिलंस: 'हे दादाला सांगायचं नाही. शपथ आहे. सांगून आला तर तो माफी मागायला येईल. मला माफी नको, भाऊ हवाय. त्याच्या मनाने जिना चढला तर चढला.'

आत्या, हा कसला नियम? बाबा इथे बसलेत, तू तिथे बसलीस, मधे मी, दोन्हीकडचं सगळं माहीत असलेली आणि तोंड बांधलेली. तुमच्या मंडळाची खरी सभासद तर मीच झाले. पण शपथ तू घातली आहेस आणि मी ती मोडणार नाही. दिलेला शब्द मोडून केलेलं भलं मला भलं वाटत नाही. आई म्हणते, हे पदवीचे परिणाम.

बाबांना मी एवढंच म्हटलं, "तिलाच विचारा."

"मी कसा विचारू? मी त्या जिन्याखाली कुठल्या तोंडाने उभा राहू?" ते म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले. ब्रश ओले होते या खेपेला, एवढीच सुधारणा.

कार्ड मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात छपाईला जायचं आहे. तुझी सही लागेल. कशी मिळवायची ते बघते.

तुझी,
पदवी

ता. क. पश्चिमेचं ऊन लागतं आणि लाल उडालं आहे, हे सांगितलं. "सांगितलं होतं मी," म्हणाले.


९ मार्च, रविवार, बसस्टँड

आत्या,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

घाई आहे, सहाची बस आहे, मी बाकावर बसून लिहिते आहे. शपथ मोडलेली नाही, हे आधी सांगते. खुर्चीबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मी फक्त माझं काम केलं.

गुरुवारी साहेबांनी विचारलं, "क्वेकरची सही?" मी म्हटलं, "टपालाने वेळेत येणार नाही. कोणीतरी घेऊन जायला हवं." ते म्हणाले, "कोण जाणार?" मी म्हटलं, "माझे वडील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गेल्या दोन महिन्यांतलं एकेक पत्र त्यांना थोडं थोडं वाचून दाखवलं आहे मी, ते काय समजायचं ते समजले. लाल पेन्सिल खाली ठेवली, पेन घेतलं आणि कार्यालयाच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पत्रवाहकास सही मिळेपर्यंत थांबवून घ्यावे.' खाली शिक्का मारला. शिपायाने दोनदा मारला, एक पुसट उठला होता म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी मी तो कागद, कार्ड आणि पाकीट बाबांपुढे ठेवलं. पाकिटावर पत्ता लिहिला होता, तू सांगितलास तसा. बाबांनी तो वाचला. चष्मा शर्टाला पुसला. पुन्हा वाचला. 'मी नाही जाणार' असं म्हणतील, असंच मला वाटत होतं, आणि म्हणाले असते तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

ते म्हणाले, "हे ऑफिसचंच काम ना?"

"हो, बाबा."

"शिक्का आहे म्हणजे गेलंच पाहिजे."

"गेलंच पाहिजे."

त्यानंतर दोन दिवसांत त्यांनी हे तीन वेळा विचारलं आणि मी तीन वेळा हेच सांगितलं. त्यांना कळलेलं नाही असं समजू नकोस. ऑफिसच्या कामाला कोणी नखांतला रंग काढायला अर्धी बाटली टर्पेंटाइन संपवत नाही. काल इस्त्रीचे दोन शर्ट बाहेर काढले, दोन्ही आईला दाखवले. आईने निळा म्हटलं, म्हणून त्यांनी पांढरा घातला. आज पहाटे दूधवाल्याच्या आधी उठून बसले होते. रंगांचा डबा घेत होते, तो आईने हातातून काढून घेतला. "पाहुण्यासारखं नाही जायचं आणि कामगारासारखंही नाही जायचं," ती म्हणाली. "नुसतं जा की हो माणसासारखं."

कार्ड नीट वाच. आता ते असं आहे: क्वेकर. मूळ अर्थ थरथरणारा. शांत बसून उपासना करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा अनुयायी. हे लोक स्वतःला 'मित्र' म्हणवतात. १६५०मध्ये एका न्यायाधीशाने संस्थापकाला उद्देशून हे नाव थट्टेने वापरलं, असं संस्थापक सांगतो. पण त्याआधी १६४७मध्ये ते बायकांच्या एका वेगळ्या गटाला लावलेलं आढळतं. पहिल्यांदा कोणी म्हटलं ते माहीत नाही. पुढे ज्यांना म्हटलं गेलं त्यांनीच ते वापरलं.

'माहीत नाही' असं छापायला साहेबांनी परवानगी दिली, यासारखी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

बस चार तासांची आहे. म्हणजे दहाला पाच-दहा मिनिटं असताना बाबा तुमच्या जिन्याशी असतील. हे पत्र आधी कोणाच्या तरी हाती वर पाठवा आणि कार्ड स्वतःजवळ ठेवा, असं मी त्यांना सांगितलं आहे. तुम्ही तेव्हा वर बसायला लागलेला असाल. ते आधी पाटी बघत उभे राहतील, लाल किती उडालंय ते जवळ जाऊन बघतील, तेवढा वेळ दे त्यांना. ते वर येतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. तुझी अट तीच होती, आणि ती अट आहे तशीच आहे. मी त्यांना फक्त जिन्यापर्यंत पोचवते आहे. पण कागदावर 'सही' लिहिलं आहे, सही करणारी वरच्या मजल्यावर आहे, आणि आमचे बाबा शिक्क्याचा कागद घेऊन खाली उभे राहून परत फिरणारे नाहीत. तू मात्र खाली उतरून सही करू नकोस. आणि वर आले तर लगेच पेन काढू नकोस. साहेबांची ऑर्डर आहे, थांबवून घ्यावे.

बाबा खिडकीत बसलेत. पिशवी मांडीवर, हे पाकीट ठेवायला वरचा खिसा रिकामा केलाय. कंडक्टर घंटी वाजवतोय आणि बाबा खिडकीतून ओरडताहेत, "झालं का तुझं? गाडी सुटेल!" त्यांना गाडी सुटायची भीती वाटते आहे, आत्या. तिकडे जायची नाही.

तिकीट मी काढून त्यांच्या हातात दिलं आहे, फक्त जायचं. परतीचं तू काढून दे. कधीचं, ते तुम्ही दोघं ठरवा.

पदवी